एका ओळीची जागा

शाळेत कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण भाषेच्या बाईंनी लिहायचं आणि हेडमास्तरांनी वाचायचं, हा तीस वर्षांचा रिवाज. गणिताचे सर गेले, शिपाईमामा गेले, ज्यांच्या जाण्याने अख्ख्या स्टाफरूमने सुटकेचा निःश्वास टाकला ते पीटीचे सरही गेले. बाईंनी प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक ओळ न चुकता घातली : 'तुमच्याशिवाय आम्हाला करमणार नाही.'

बाईंच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर दारात घुटमळले.

"बाई, उद्याच्या भाषणाचं काय करायचं? तुमच्यासारखं आमच्यापैकी कुणाला जमणार?"

बाईंच्या अंगात हसायचंही त्राण नव्हतं. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून त्यांनी दीड पान स्वतःचीच आरती ओवाळली. शिस्त, तळमळ, हजारो विद्यार्थी, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या ओळीपाशी मात्र पेन अडलं. ही ओळ आपणच आपल्याला कशी लिहायची? त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली. दहा वर्षं दर भाषणात हेडमास्तर तीच वाचताहेत, एव्हाना पाठ झाली असेल. म्हणतील आपल्या मनाने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या. हातातला फुलांचा गुच्छ चपलांच्या कपाटावर ठेवून दाराजवळच्या खुर्चीतच बसल्या. नवऱ्याने पाणी आणून दिलं.

"काय म्हणाले मग हेडमास्तर?"

बाईंनी सगळं पाणी पिऊन पेला त्याच्या हातात परत दिला.

"कागदावर होतं तेवढंच."