न पडल्याचे एकशे चौदा दिवस

कोटाची डावी बाही काही केल्या चढेना. शिंपीकाकांनी हयातभर दुसऱ्यांच्या अंगावर कोट बेतले, आणि आज उसन्या कोटात स्वतःचा हात घालताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रंगमंचामागच्या अरुंद खोलीत सिस्टर त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. तिने त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. मनगट चांगलंच सुजलं होतं आणि एका बाजूची कातडी जुन्या माराने पिवळी पडली होती.

पडद्यापलीकडे विभागाचा आरोग्य संशोधन मेळावा रंगात आला होता. कुणी स्वस्तातलं श्रवणयंत्र केलं होतं, कुणी एकट्या राहणाऱ्यांसाठी फोनसेवा काढली होती. पहिलं बक्षीस मात्र सिस्टरच्या फळ्याला होतं. म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात दारासमोरच तिने तो टांगला होता. रोज सकाळी ती त्यावर खडूने मोठा आकडा लिहायची, वॉर्डात कुणीही न पडल्याचे दिवस. कुणी पडलं की आकडा शून्यावर. पडलेल्यावर ओरडायचं नाही, कुठे निघाला होतात आणि आधाराला काय सापडलं नाही, एवढंच विचारायचं आणि त्याप्रमाणे वॉर्डाची मांडणी बदलायची, ही तिची पद्धत. आकडा एकशे चौदावर गेला तेव्हा तज्ज्ञांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढच्या महिन्यात आणखी चाळीस वॉर्डांत तसेच फळे लागणार होते. तिच्याच वॉर्डातल्या शिंपीकाकांना तिने कौतुकाचे दोन शब्द बोलायला आणलं होतं.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"झाले की पंधरा दिवस. बाथरूमच्या दाराशी पाय सटकला. तेव्हा एवढी सूज नव्हती."

"पडलात, आणि मला सांगितलं नाहीत?"

काकांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग मान खाली घातली. "जाऊ द्या, ताई. आज तुमचा दिवस आहे."

"आणखी कोण कोण पडलं?"

काकांनी आधी आढेवेढे घेतले. मग चांगल्या हाताच्या बोटांवर मोजायला लागले. खिडकीजवळच्या मास्तरीणबाई, दोनदा. पोस्टमन एकदा. कोपऱ्यातल्या आजी तर अशा आपटल्या की तिघांनी मिळून त्यांना कॉटवर घातलं, आणि कॉटवर पडल्या पडल्या त्यांनीच सगळ्यांना दम भरला होता, की खबरदार कुणी बोललात तर, पोरीचा आकडा जाईल.

"शून्य लिहिताना तुमचा चेहरा कसा होतो, ते सगळ्यांनी एकदा पाहिलं होतं, ताई," काका म्हणाले. "पुन्हा बघवणार नाही म्हणाले."

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या एका आकड्यासाठी ऐंशी ऐंशी वर्षांची माणसं दुखणं दाबून गप्प पडून राहिली होती, आणि ती रोज सकाळी खडूचे हात झटकत त्यांच्यासमोरून हसत गेली होती. आणि बाहेर तिचं नाव पुकारलं जात होतं.

गप्प बसता आलं असतं. काका बोलले नसते, हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांचा हात रुमालाने गळ्याशी बांधला, त्यांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि ती एकटीच मंचावर चढली. माइकसमोर तिने नमस्कारसुद्धा केला नाही.

"तो आकडा खोटा आहे," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात माणसं पडत होती. माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. मला बक्षीस देऊ नका, आणि तो फळा दुसरीकडे कुठेही लावू नका."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि असा प्रामाणिकपणा हेच खरं संशोधन, असं काहीसं त्या बोलल्या. सिस्टर मान हलवत खाली उतरली. लाज गेली नव्हती, पण कानशिलांची आग थोडी निवली होती. निदान खरं तरी बोलले, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटलं.

ती काकांशेजारी बसली. लोक अजून उभेच होते.

"इथून थेट एक्स-रेला जायचं," ती त्यांना म्हणाली. "आणि काका, यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. शब्द द्या मला."

काका शब्द देईनात. टाळ्यांत ऐकू जावं म्हणून मग ते तिच्या कानाशी वाकले.

"बाकीच्यांचं राहू द्या. मी लपवलं नव्हतं, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नोंदवही घेऊन आलात. मी मनगट पुढे केलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, 'कॉटच्या दांडीला लागलं ना, काका?'"

सिस्टरला ती सकाळ लख्ख आठवली. काकांनी पुढे बोलू नये असं तिला फार वाटलं. पण काका साधा माणूस, एकदा सांगायला लागल्यावर अर्ध्यावर थांबणारे नव्हते.

"मी तोंड उघडेपर्यंत तुमचं लिहून झालं होतं."