तब्येतीचा दाखला

हृदयाचे ठोके चुकतात, असं कागदावर लिहून दोमीने खाली सही ठोकली. आर्नेल शर्टाची बटणं लावायची विसरला. दोनच मिनिटांपूर्वी दोमीने त्याला विचारलं होतं, सहन झालं नाही तर थांबा म्हणशील ना? मेलो तरी म्हणणार नाही, असं आर्नेलने छाती पुढे काढून सांगितलं होतं. आणि त्याच छातीवर आता हा शेरा.

दोमी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या बंधुसंघटनेत, येऊ बघणाऱ्या प्रत्येक पोराला तोच तपासायचा. त्याने नाही म्हटलं की विषय संपला.

आता ही काय साधी गोष्ट होती? फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात वकिली करायची तर नुसत्या डिग्रीला कोण विचारतो. अर्धं कोर्ट या एका फ्रॅटर्निटीचं. न्यायाधीश तिचे, बडे वकील तिचे. एकदा तुम्ही त्यांचे भाऊ झालात की जन्माची सोय झाली. आर्नेलचा बाप मासळीबाजारात बर्फ फोडायचा. त्याच्या ओळखीतला सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे बर्फाच्या कारखान्यातला मुकादम. त्यामुळे कायद्याच्या पहिल्या वर्गातच आर्नेलने ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी आत शिरायचं. दीक्षेच्या दिवशी मांड्यांवर लाकडी फळीचे फटके बसतात, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यावर बंदी आहे हेही ठाऊक असतं, आणि ही पोरं शिकतात काय, तर कायदा. आर्नेल तर महिनाभर हॉस्टेलचे जिने चढून-उतरून मांड्या घट्ट करत होता.

असा गडी एका शेऱ्याने गप्प बसतो होय. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभा राहिला. दुपारी हृदयाचा आलेख निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला. तुला इथे पाठवलं कोणी, असं त्यांनी वैतागून विचारलं आणि तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला हातावर ठेवला.

आर्नेल तसाच वैद्यकीय कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये गेला. दोमी शेवयांचं सूप ओरपत बसला होता. आर्नेलने दाखला त्याच्या वाडग्याशेजारी आपटला. तुम्हाला तपासता येत नाही, असं तोंडावर सुनावलं. वर हेही सांगितलं, की संध्याकाळी हाच कागद अध्यक्षापुढे ठेवतो, मग कळेल कोण कच्चा आहे ते. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघू लागली.

दोमीने कागद शांतपणे वाचला आणि त्याला समोर बसायला सांगितलं.

“बरोबर लिहिलंय बाईंनी. काल मलाही हेच ऐकू आलं.”

“मग खोटं का लिहिलंत, मानोंग?” आर्नेलचा आवाज चढला. थोरल्या भावाला म्हणायचं ते मानोंग त्याच्या तोंडून शिवीसारखं निघालं.

दोमीने हळू आवाजात सांगितलं, की तीन वर्षांत असं त्याने एकोणीस जणांना लिहून दिलंय आणि त्यातल्या एकाचाही ठोका चुकत नव्हता. सगळ्यांना नापास केलं तर संशय येईल, म्हणून निवडून करावं लागतं. भित्र्यांना तो बेलाशक पास करतो. फटके सुरू असताना नवा पोरगा ‘थांबा’ म्हणाला, की थांबायचं, असा फ्रॅटर्निटीचा नियम आहे. भित्री पोरं पाचव्या-सहाव्या फटक्याला तसं म्हणतात आणि लंगडत का होईना, घरी जातात.

“तिरसो म्हणाला नाही,” दोमी म्हणाला. “माझ्याच हाताने त्याला पास केलं होतं. तब्येत उत्तम असं लिहून. चाळीस फटके झाले, तरी तो थांबा म्हणाला नाही.”

तिरसोचा फोटो आर्नेलने पेपरात, तो मेल्याच्या बातमीत पाहिला होता. दोमी तेव्हा गुपचूप पोलिसांत गेला होता, पण साक्षीला एकही भाऊ उभा राहिला नाही. आता काय करायचं ते तू ठरव, असं म्हणून त्याने दाखला परत दिला. हा दाखवलास तर ते तुला घेतील आणि मला काढतील, हेही सांगितलं.

बापाचे बर्फाने फुटलेले हात आर्नेलला आठवत होते. कोर्टातल्या त्या ओळखी आठवत होत्या. हातातोंडाशी आलेलं सगळं सोडायचं म्हणजे जिवावर आलं त्याच्या. पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्याने दाखल्याची घडी करून ती खिशात खोल घातली.

संध्याकाळी फ्रॅटर्निटीच्या खोलीत सगळे जमले होते. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलास म्हणे, असं अध्यक्षाने त्याला हसत हसत विचारलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोमीने मान खाली घातली.

“दोमीने लिहिलंय ते खरंय,” आर्नेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मला झेपायचं नाही.”