बटण न लागणारा डबा

समजा, तुमच्यासमोर टेबलावर दोन संगणक ठेवले आहेत. एक जुना, ट्रंकेएवढा, सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. दुसरा शाळेच्या डब्याएवढा, अगदी मुका. यातला एक घरात रात्रंदिवस चालू ठेवायचा आहे. सगळे सिनेमे, गाणी, फोटो त्याच्या पोटात राहणार. बाबांच्या ऑफिसचं कामही त्याच्यावरच चालणार. अशा न झोपणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुम्ही कोणता निवडाल?

मुंगीनं मोठा निवडला. सांडलेले स्क्रू एकेक वेचून आणते, म्हणून बाबा तिला मुंगी म्हणायचे.

"मोठ्यात डिस्क जास्त मावतात," ती म्हणाली.

"पण वीज खातो बकासुरासारखी. आणि धूळही. सारखा उघडून पुसावा लागेल."

"मी पुसेन."

"वीज जाऊन आली, तर बटण दाबल्याशिवाय उठत नाही तो."

"मी दाबेन. मी घरीच असते की."

बाबा हसले नाहीत. "यंत्र असं हवं मुंगे, की त्याला कुणाचा हात लागायला नको."

आई दारात टॉवेलची घडी घालत उभी होती. "तुझ्या बाबांना सगळंच तसं हवं असतं," ती म्हणाली. "एकदा मांडून दिलं, की मागे वळून बघायला नको."

डबा ठरला. वीज परत आल्यावर त्यानं काय करायचं, हे कुठे सांगायचं असतं ते बाबांनी मुंगीला दाखवलं. 'बंद राहा' आणि 'आपोआप सुरू हो'. मुंगीनं स्वतःच्या बोटानं दुसरं निवडलं. मग भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला. डब्यावरचा हिरवा दिवा आपणहून लागला. बाबांचे खांदे सैल झाले.

"झालं. आता हा इथे चालेल, आणि मी तिकडून सगळं बघेन."

"तिकडून म्हणजे कुठून?"

बाबांनी आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "सांग तिला."

रविवारी बाबा दोन बॅगा घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेले. कायमचे. तिथल्या भाड्याच्या खोलीत वीज भरवशाची नव्हती, म्हणून डबा इथेच राहिला. फोन रोज करेन, असं ते दारात म्हणाले होते.

आधी रोज केला. मग एक दिवसाआड. मग मुंगीनं केला, तर "कामात आहे गं, नंतर करतो." ते नंतर काही उगवलं नाही. डबा मात्र एकदाही रुसला नाही. ऑफिसची वेळ झाली की त्याचा दिवा लुकलुकायला लागायचा, संध्याकाळी थांबायचा. बाहेरून कुणी आत आलं की तो लुकलुकतो, हे बाबांनीच शिकवलेलं. म्हणजे बाबा रोज घरी येत होते. तारेतून यायचे, आपलं काम उरकायचे आणि तिला हाक न मारता निघून जायचे.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मुंगीनं डब्याला स्क्रीन जोडला. 'बंद राहा' निवडलं. भिंतीवरचा स्विच बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा लागला नाही. आईचा फोन मांडीवर घेऊन ती बसली.

फोन वाजला.

"मुंगी, डबा बंद पडलाय बघ. जरा बटण दाब. इकडे सगळं अडलंय माझं."

तिनं दाबलं. डब्याला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ बाबा फोनवर थांबले. तेवढ्यात तिनं पुढचा दात पडल्याचं सांगितलं, वर्गात नवी मैत्रीण आल्याचं सांगायला घेतलं. तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

"आला, आला. शाबास," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

दिवा लुकलुकायला लागला. मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. मैत्रिणीचं नावही सांगायचं राहिलं होतं.

मग ती उठली, भिंतीवरचा स्विच तिनं पुन्हा बंद केला, आणि फोन मांडीवर घेऊन बसली.