मोकळे हात

"काकू, खजूर आत नेता येणार नाही," पंच सामंत म्हणाले. "डाव सुरू झाला की बाहेरच्या माणसानं खेळाडूला काही द्यायचं नाही. संघटनेचा नियम आहे."

विमलाकाकू वाटी घेऊन दोरीपाशीच थांबल्या. कॅफे त्यांच्याच घरातला, कॉम्प्युटर त्यांचे. पण आज मुंबईच्या संघटनेनं मधोमध दोरी बांधली होती आणि दोरीअलीकडे त्याही बाहेरच्याच होत्या. त्यांनी हुज्जत घातली नाही. स्वतःची संकष्टी होती, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. नेम पाळणाऱ्याशी भांडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

दोरीपलीकडे काउंटर स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळाचा शेवटचा डाव चालला होता. जिंकेल तो संघ मुंबईला. रत्नागिरीचे चौघे मरून बसले होते, संगमेश्वरचेही चौघे. उरले होते रत्नागिरीचा कैफ आणि संगमेश्वरचा शिवा. शिवानं वेळ संपायच्या आत बॉम्ब लावायचा, कैफनं तो लावू द्यायचा नाही. कैफचा एक हात माउसवर, दुसरा कीबोर्डवर. ओठ सुकून पांढरे पडलेले. त्याचा रोजा होता.

दिवस मावळताच राजिवड्याच्या मशिदीतून मगरिबची अजान आली.

कैफची नजर पडद्यावरून हलली नाही. गळ्याची घाटी तेवढी एकदा वरखाली झाली.

काकूंचा जीव कासावीस झाला. आपला चंद्र उगवायला अजून अवकाश होता, पण पोराची वेळ तर झाली. वेळ झाल्यावर उगाच ताटकळू नये, असं त्याची आई मरियम नेहमी सांगायची. आणि पोराचे दोन्ही हात गुंतलेले. मोकळे हात कुणाचे? काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाटी हळूच सामंतांपुढे धरली.

"तुम्ही तर बाहेरचे नव्हेत ना?"

सामंतांनी वाटीकडे पाहिलं. सगळे नियम मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत चाळले असावेत. मग एक खजूर उचलून ते कैफच्या खुर्चीशी गेले.

शिवानं मान तिरकी करून पाहिलं. पडद्यावरचा त्याचा शिपाई धावता धावता भिंतीशी थांबला.

"सोड रे तुझा रोजा. मी हलत नाही."

"तुझा टाइम जातोय, शिवा."

"जाऊ दे. आणि नीट चावून खा. घशात अडकला तर म्हणशील, शिवानं मारला."

मेलेले आठही जण हसले. कैफ "बिस्मिल्ला" पुटपुटला आणि त्यानं तोंड उघडलं. खजूर खाल्ला, पण बी कुठे टाकायची? सामंतांनी मुकाट्यानं तळहात पुढे केला. कैफ लाजला, पण त्यानं बी तिथेच टाकली.

"झालं, शिवा."

शिवा सुटला. बॉम्बच्या जागेपर्यंत पोचला, खाली बसला, आणि वेळ संपली. कैफला गोळीसुद्धा झाडावी लागली नाही.

रत्नागिरीची पोरं नाचायला लागली. कैफ उठून शिवापाशी गेला.

"मुंबईत हरलास तर परतताना संगमेश्वरावरून येऊ नको," शिवा म्हणाला. "गाडी अडवून मारीन."

"माझ्या खजुरापायी हरलास रे बाबा," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"छे, काकू. खजूर तर पंचांनी दिला."

सामंत खाकरले.

"बरं, निघा आता. तुमची एस.टी. चुकेल," काकू म्हणाल्या.

"तुमचा उपास सुटायचाय ना अजून?" शिवानं विचारलं आणि तो पायरीवर बसला. त्याचा संघही बसला. एस.टी.चं नाव कुणी काढलं नाही. सामंत थोडा वेळ उभे राहिले आणि मग तेही टेकले. खजुराची बी अजून त्यांच्या मुठीतच होती.

कैफनं विहिरीवरून तांब्या भरून आणला. चंद्राला पाणी द्यायला लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तांब्या तुळशीच्या कट्ट्याशी ठेवून तो अंगणाच्या टोकाला गेला आणि आंब्याच्या कलमांच्या शेंड्यांवर नजर लावून उभा राहिला. मघाशी पडद्यावर लावली होती तशीच.

काकू देवापुढचे मोदक आणायला आत वळल्या, तेवढ्यात मागून हाक आली.

"काकू, या. तुमचा आला."