बारांचे चोवीस

दुसऱ्या ध्वनिफितीत एक व्हायोलिन इतरांच्या निमिषभर मागे राहत होतं. आपल्या बारा वादकांत अशी चूक रोझाल्बाने अकरा वर्षांत ऐकली नव्हती. त्यांना ठेवायचं की काढायचं, हा निर्णय सहा महिने लांबवून फिलाडेल्फियातला डिस्कोगाण्यांचा निर्माता व्हर्नन परीक्षा घेत होता. एका फितीत ते वाजवत होते, एकीत व्हायोलिनचे सूर काढणारं नवं यंत्र. आपली फीत ओळखली तर काम टिकणार. "दुसरीच यंत्राची! आल्डोच्या सासूसारखं रेकतंय," वादकांपैकी कुणीतरी आपल्याच सोबत्याला चिडवत म्हणालं. हशा पिकला. पहिली फीत आपली म्हणून बाराही जणांचे हात वर झाले. "पहिलीत यंत्र होतं," व्हर्नन म्हणाला. रोझाल्बाच्या उशिरा लक्षात आलं. प्रत्येक सुरावट तो दोनदा वाजवून घेऊन एकावर एक चढवायचा. बारांचे चोवीस व्हायचे, चुका बुजायच्या. दुसऱ्या फितीत त्याने एकदाच घेतली होती. "आम्हाला एकेरी तू कधी ऐकवलंस?" तिने विचारलं. "कधीच नाही, रोझी. सोमवारपासून कुणी येऊ नका."