दांड्याले चीर

पुन्यात सुकेशनीचं संशोधन विमानाच्या पंखावर चालू होतं. पंखाले चीर पडली तं विमान अजून किती खेपा उडन, हे कम्प्युटरवर काढाचं तिचं काम. सुट्टीत बाभुळगावाकडं घरी आली तं इथं वेगळाच तमाशा. कापूस खरेदी केंद्राचा शेवटचा दिवस, ट्रॉली गच्च भरलेली, अन् माय नवं लुगडं नेसून फुगून बसलेली. दरसाल माय कापसाच्या ढिगावर बसून यवतमाळले जाये. अवंदा बाबा "तू घरीच राह्य" म्हनून तिच्यावर खेकसले होते.

"सत्रा वर्सं वर बसली, आताच काय मी जड झाली?" माय फनफनली.

सुकेशनीले मात्र ट्रॅक्टरले ट्रॉली जोडनाऱ्या दांड्यावर बारीक चीर दिसली. तिनं टेप लावून मापं घेतले, कापसाचं वजन टाकलं, अन् अर्ध्या घंट्यात लॅपटॉपनं उत्तर देलं. तशीच धावत सुटली.

"बाबा, थांबा! हा दांडा यवतमाळपोहोत टिकत नाही. आधी वेल्डिंग करून घ्या."

"तीन दिवसापासून लाईन नाही गावात, वेल्डिंगची मशीन कायच्यावर चालन? केंद्र आज बंद झालं तं उद्या व्यापारी मातीमोल मागते."

"पन रस्त्यातच तुटन नं तो!"

बाबानं ट्रॅक्टरची चाबी फिरवली.

 

"मले मालूम हाये, पोरी. नाही तं तुह्या मायले कायले घरी ठेवलं असतं?"