माशांची काळजी

धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या बोटी तपासायला नगरहून साहेब आले. अलीमने नियमात बसावी म्हणून आपली बोट आधीच कापून आखूड केली होती. तरी इंजिन थोडं जास्त ताकदीचं निघालंच.

"या धडधडीने मासे अंडी घालत नाहीत. उतरवा ते इंजिन," साहेब म्हणाले.

"साहेब, नुसत्या वल्ह्यावर एवढं पाणी कसं पार करायचं? पोट याच्यावरच हाय आमचं."

"काय?" साहेबांनी कानामागे हात धरला.

अलीम ओरडून पुन्हा तेच बोलला. तरीही साहेबांना काही ऐकू गेलं नाही.


त्यांच्या पाठीमागे, ट्रकचं इंजिन बसवलेली वाळूवाल्यांची बोट धरणाचा तळ उपसत होती.